धक्क्यावर मी जे पाहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती वारली, तोवर कधीच नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. आगरदांड्याला मी मास्तर होतो. त्या वर्षी जीवशास्त्र शिकवायचं आलं. मी स्वतः पुस्तकातूनच शिकत होतो. टेबलावर एक जिवंत खेकडा आणि एक रिकामा शिंपला ठेवला, विचारलं, यातलं सजीव कोणतं? श्वास घेणं, हलणं, वाढणं, टोचलं की आक्रसणं — लक्षणं फळ्यावर लिहिली. पोरांनी ती घरोघर म्हणून दाखवली. मला फार बरं वाटलं.

आठवड्याभरात एक होडी उलटली. धर्मा कोळ्याला धक्क्यावर आणलं. पालथं घालून पाणी काढलं, उताणं निजवलं, तरी तो हलेना. डॉक्टर मुरूडला. कुणीतरी बैलगाडी जुंपायला घेतली. तेवढ्यात त्याची बायको जानकी माझ्याकडे वळली. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती.

"मास्तर, तुमी सांगा. जीव हाय का न्हाय?"

मी वाकलो. नाकाजवळ हात नेला — नेल्यासारखा केला. नाडी पाहिली नाही. छातीला कान लावला नाही. त्या गार, ओल्या अंगाला शिवायची भीती वाटली, एवढंच. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. मला कळत नाही, असं म्हणायला काय लागलं असतं?

"गेला," मी म्हणालो.

बैल सोडले. जानकीनं हंबरडा फोडला. आणि तेव्हा — मी अजून वाकलेलाच होतो — धर्माच्या डाव्या हाताची बोटं आत वळली. हळूच. मग सुटली.

मी पाहिलं. दुसऱ्या कुणी नाही. बोललो असतो तर मी काहीच तपासलं नव्हतं हे सगळ्यांना कळलं असतं. मी उठलो, बाजूला झालो. संध्याकाळी त्याला अग्नी दिला. मी तिथे उभा होतो.

मेल्यावरही बोटं हलतात का, हे पुढे किती पुस्तकांत शोधलं. एकात सापडलंही. पण त्यानं काय होतं? त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. मी त्याला जिवंत समजलो — आणि गप्प बसलो.

तेराव्यानंतर जानकी शाळेत आली. सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी टेबलावर ठेवली. म्हणाली, मास्तरांनी सोता बघितलं म्हणून मनाला खात्री हाय, न्हायतर संशय जल्मभर जीव खात ऱ्हायला असता.

मी पुडी घेतली. बायकोनं त्याचं कालवण केलं. मी जेवलो.