दाजींचा चढा गंधार

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, कारखान्याच्या बँडमध्ये पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य ट्रंपेट वाजवायचे. मी मागे ड्रम बडवायचो. ड्रमवाल्याला सुराची फिकीर नसते, म्हणून मी एवढं तोंड वर करून बोलतो.

ट्रंपेटच्या नळीला बासरीसारखी भोकं नसतात. ओठ आवळत गेलं की तिच्यातून एकावर एक सूर आपोआप निघतात. पण निसर्गाला पियानोच्या ठरवून दिलेल्या सुरांशी काय देणंघेणं? त्यातला गंधार हटकून उतरलेला, हवा त्याहून खाली येतो. दाजींच्या जुन्या ट्रंपेटात तर फारच. जन्मभर ते तो ओठांनी उचलून वर आणत आले.

नोकरी लागताच त्यांच्या लेकीने हौसेने नवं ट्रंपेट आणलं. त्यात कारागिराने गंधार आधीच वर घेतलेला. हे दाजींच्या ओठांना समजावणार कोण? ते उचलतच राहिले आणि सूर चढा लागू लागला. तो उतरवायला नळी थोडी बाहेर ओढून पाहिली, तर बाकीचे सगळे सूर खाली गेले. संध्याकाळी कामावरून आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात तोच एक सूर घोटून घोटून दाजी पार गळून जात. ताई कातावली होती.

"जुनंच वाजवा ना," मी म्हटलं.

"कार्यक्रमाला पोरगी समोर बसणार आहे रे. तिला काय सांगू?"

कार्यक्रमात दाजींचा एकट्याचा तुकडा होता. चुकलात तर पहिली खुर्ची जाईल, असं बँडमास्तरांनी बजावलं होतं. बाकीचे मागे लांब सूर धरून होते. गंधार आला, चढाच आला. आणि काय सांगू, सगळ्या रांगेने ओठ आवळून आपापले सूर वर चढवून त्यांच्यापाशी नेले. सगळं जुळलं. टाळ्या पडल्या. मला तर रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पण सुरात हयात गेलेल्या माणसापासून हे लपणार थोडंच? आतल्या खोलीत दाजी बाकावर बसले आणि मास्तरांना म्हणाले, "उद्यापासून मला शेवटच्या खुर्चीवर बसवा. माझ्या एकट्यापायी सगळ्यांनी का ओढाताण करायची?"

मास्तर नाही म्हणाले नाहीत.

एवढ्यात लेक धावत आली. "बाबा, एक सूर हलला नाही! नव्या ट्रंपेटचा फरक पडला ना?"

दाजींनी रुमालाने ओठ टिपले.

"पडला तर," ते म्हणाले. "खूप फरक पडला, बाळा."