लोणार सरोवर: उतरायला सोपं, चढायला चिकनगुन्या

संडासातून उठता आलं नाही, त्या सकाळी माझं आयुष्य बदललं. चिकनगुन्याचा ताप जाऊन आठवडा झाला होता, गुडघ्यांना मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. आत मी, कडी आतून. बाबांनी कडी तोडून मला बाहेर काढलं आणि झरोक्याच्या गजाला बैलाचा कासरा बांधला. "हे धरून उठत जाय." मी कासऱ्याला हात लावणार नाही असं जाहीर केलं. तेव्हापासून आई दाराबाहेरून विचारते, "उठला का रे?" आणि शेजारच्यांनाही माझी प्रगती कळते.

वय बावीस. डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांत जाईल, नाहीतर सहा, नाहीतर बघू. अशात लोणारहून पल्लवीचा फोन. कॉलेजात आम्ही एका वर्गात. मी सरांशी भांडून मधेच दार आपटून निघालो. ती शिक्षण पूर्ण करून आता वडिलांच्या कटलरीच्या दुकानात बसते.

"रविवारी ये. सरोवरात उतरू. घरी लग्नासाठी तुझं नाव सांगू का नको, ते खाली बोलू. बरा झाला ना पण?"

"एकदम फिट," मी म्हणालो.

आमच्या डोणगावहून मेहकर, तिथे गाडी बदलून सुलतानपूरमार्गे लोणार. मेहकरला स्टँडबाहेर गरम आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे गाडीत उभं राहावं लागतं. मी उभाच होतो. एक आजोबा, पंच्याहत्तरी ओलांडलेले, फुकट प्रवासवाले, स्वतःची जागा देऊ लागले.

"बस बे पोरा."

"मी बरा आहे, आबाजी."

"चिकनगुन्या ना? दांडीत मनगट अडकवून राह्यला. बोटं मिटत नाहीत तुहे."

मला भयंकर राग आला. मी बसलो. मग अख्ख्या गाडीने उपचार सुरू केले. कोणी निरगुडीचा पाला सांगितला, कोणी मोहरीचं तेल.

"माह्या जावेले वरीस झालं," एक काकू म्हणाल्या, "अजून पोळ्या लाटता येत नाहीत."

"तिले आधीबी येत नव्हत्या," शेजारची म्हणाली.

स्टँडवरून सरोवराच्या काठावरच्या गोमुखाच्या धारेपर्यंत चालत जाता येतं. पाण्याची बाटली घ्या, खाली काही मिळत नाही. बिस्किटाचा पुडा लपवा, वानरं झडती घेतात. पल्लवी धारेपाशी थांबली होती. उतरताना मी सतत बोलत होतो, गुडघ्यांचा आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून. खाली झाडी, मोर, हिरवट पाणी आणि सडक्या अंड्यासारखा वास. एका पडक्या देवळाजवळ दगडावर बसलो, ती बोलायला लागायच्या आत. आणि उठता येईना. इथे बाबाही नव्हते, कासराही नव्हता.

"चल ना, पुढे बसू."

"इथंच बसू. हवा चांगली हाय."

"वास येऊन राह्यला."

"चांगला हाय."

ती बघत राहिली. "एकदम फिट?"

मी दगडाला, नगरपालिकेला आणि त्या एका डासाला शिव्या घातल्या. तिने त्या संपू दिल्या.

"खोटं काऊन बोलला?"

"हे कधी जाईल कोणाले माहीत? नाहीच गेलं तर? घरी काय सांगशील, पोरगा शिकलाबी नाही अन् उठतबी नाही?"

ती खूप हसली, मग हसायची थांबली. "माह्या आईलेबी झालं होतं. ती दमायच्या आधी बसते. तू दमल्यावर बसतो, म्हणून अडकतो. घरी मी सांगीन. पण आता हात देत नसशील तर बस इथंच, मले दुकान उघडाचं हाय."

मी हात दिला.

चढताना दमायच्या आधी बसायचं, हे माझ्या स्वभावाला फार जड गेलं. एक आजी आम्हाला मागे टाकून गेल्या आणि वरून म्हणाल्या, "सावकाश या." इतरांना तासभर लागतो, आमची दुपार गेली. दुकान बंदच राहिलं.

तिने रात्री घरी सांगितलं. वडिलांचा पहिला प्रश्न दुकान काऊन बंद होतं, हा होता. दुसरा अजून यायचा आहे. तिने मला पुढच्या रविवारी परत बोलावलंय, अर्ध्यापर्यंतच उतरायला.

घरी येऊन काय उरलं? बुटांना तो वास आणि गुडघे, जसेच्या तसे. सकाळी संडासात बसलो. पाय भरून यायच्या आधीच कासऱ्याकडे पाहिलं. धरला.

"उठला का रे?" बाहेरून आई.

"हाव. कासरा धरून."

मी बाहेर आलो आणि दार हळूच लोटलं.