बदकबाईंनी पाणी धुतलं

बदकबाई हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला सांगता येणार नाही. ज्या पोरांनी ठेवलं त्यांची पोरंसुद्धा पोहून मोठी झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि खोटं तरी काय होतं त्यात? जमिनीवर बाई चालायच्या त्या डुलत डुलत, पाय बाहेर फेकत. पाण्यात उतरल्या की मात्र अशा सरसर जायच्या, की काठावर गप्पा ठोकणाऱ्या आयासुद्धा दोन मिनिटं गप्प बसायच्या.

नगरपालिकेच्या तलावावर त्या पोहायला शिकवायच्या. तऱ्हा एकच. पोराला पाण्यावर उताणं निजवायचं, पाठीखाली आपला हात धरायचा आणि चौकश्या सुरू करायच्या. घरी मांजर आहे का, बाबा घोरतात का, शाळेत मार कुणी खाल्ला. पोर उत्तर देण्यात रंगलं की हात अलगद काढून घ्यायचा. पोर आपलं मांजराचं कौतुक सांगत तरंगतंय! फुगे, ट्यूब असल्या गोष्टी दिसल्या की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अर्धं गाव असं त्यांच्या हातावर तरंगायला शिकलं होतं. एवढ्या गुणांत खोट एकच, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. समोरचा 'मला वाटतं' म्हणाला की त्याला काय वाटतं ते बाईच सांगून मोकळ्या.

त्यांच्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एक लालसर गाठ आली. दुखेना, खाजेना. कसलासा किडा चावला असेल म्हणून बाईंनी सोडून दिलं. गाठ भराभर वाढली, तेव्हा नवऱ्याने एका संध्याकाळी तो हात आपल्या टेबलावर ठेवायला लावला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून त्याने गाठ बराच वेळ न्याहाळली आणि हे काही किड्याचं काम नाही, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा, असं बजावलं.

कातडीच्या रोगांची डॉक्टर ही बाईंचीच जुनी शिष्या. पाण्यात पाय घालायचा म्हटलं की लहानपणी भोकाड पसरायची. तिने गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि निकाल आल्यावर बाईंना समोर बसवून सावकाश सांगायला लागली. हा कातडीचा कॅन्सर आहे, फार क्वचित होणारा, मर्केल नावाच्या पेशींचा. तो अंगात लवकर पसरतो, म्हणून लगेच ऑपरेशन करायला हवं. आणि याच्यामागे बहुतेक वेळा एक विषाणू असतो, तो म्हणजे...

म्हणजे काय ते ऐकायला बाई होत्या कुठे? विषाणू हा शब्द कानावर पडला आणि त्या उठल्याच. चारचा वर्ग आहे म्हणाल्या आणि डुलत डुलत दाराबाहेर. कालची पोर आपल्याला काय सांगणार, हे तर होतंच. पण खरं कारण वेगळं होतं. बाईंच्या डोळ्यांपुढे तलाव उभा राहिला होता. रोज त्याच पाण्यात हा हात, आणि त्या हातावर एकेक कोवळी पाठ.

कॅन्सर हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता असं नाही. ऐकला आणि बाजूला ठेवून दिला. आपलं काय व्हायचं ते होईल. पण पोरांना आपल्यापासून लागलं असलं तर? या एका विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. घरी नवऱ्याला सांगितलं, साधी गाठ आहे, काढतील सवडीने. डॉक्टरचे फोन येत राहिले, बाई उचलेनात. उचलला की ती पोर विचारणार, कुणाकुणाला हात लावलात? त्याचं उत्तर सगळं गाव असं होतं.

मग बाईंनी आपल्या अकलेने उपाय काढला. पाण्यातलं काहीही मारायला त्यांना एकच औषध ठाऊक होतं, क्लोरीन. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, पावडरीच्या पिंपातून मगभर जास्तीची पावडर काढायची आणि तलावात सोडायची. दुसऱ्या दिवशी वाटलं, मगभराने काय होतंय? मग दोन. आणि स्वतः पाण्यात उतरणं बंद. लांब बाह्यांचा सदरा घालून, हातात बांबू घेऊन काठावरून ओरडायचं. बांबूला धरून कुणी तरंगायला शिकतं का? पोरं दगडासारखी बुडत आणि खोकत वर येत. शिवाय सगळ्यांचे डोळे लालबुंद. निळे पोशाख विटके झाले, तेव्हा आयांनी तलावाचं पाणी साफ राखणाऱ्या पंपवाल्याला धारेवर धरलं.

पंपवाला बिचारा हवालदिल. तलावाचं पाणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. बाटलीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की फिकट पिवळा रंग यायला हवा, तो यायचा पार नारिंगी. त्याने यंत्र खोलून पाहिलं, यंत्राला शिव्या घातल्या, पुन्हा जोडलं. शेवटी एक दिवस तो पहाटेच येऊन बसला, आणि बघतो तर काय, पिंपाशी बदकबाई, हातात मग! पाणी घाण झालंय, एवढंच त्या म्हणाल्या आणि काठावर बसून ढसाढसा रडायला लागल्या. या बाईला रडता येतं हेच त्याला नवीन होतं. तो तसाच बाईंच्या नवऱ्याकडे गेला.

नवऱ्याने दुकान बंदच ठेवलं, तलावावर येऊन बाईंना उठवलं आणि दवाखाना उघडताच थेट डॉक्टरपुढे नेऊन उभं केलं. डॉक्टर चांगलीच चिडलेली होती.

"बाई, आज माझं बोलणं संपेपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली.

आणि जन्मात पहिल्यांदा बाईंनी ते ऐकलं.

डॉक्टरने समजावलं ते असं. हा विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच कातडीवर असतो. लहानपणीच येतो आणि गुपचूप राहतो, कुणाचं काही बिघडवत नाही. तुमच्या नवऱ्याच्या अंगावर असेल, माझ्या असेल, तुमच्या पोरांच्याही असेल, आणि तो तुम्ही दिलात असं कुणी म्हणू शकणार नाही. लाखांत एखाद्याच्या बाबतीत त्याचा तुकडा पेशीच्या आत, तिच्या मूळ आराखड्यातच घुसून बसतो, आणि मग पेशी ऐकेनाशी होते. वय झालेलं, जन्मभर उन्हात काम केलेलं, त्याचीही भर पडते. आणि आत अडकलेला तो तुकडा मोडका असतो, त्याला कुठे जाता येत नाही. कॅन्सर हाताला हात लागून होत नाही, पाण्यातून तर नाहीच नाही.

"म्हणजे पोरांना काही नाही?"

"काही नाही. डोळे तेवढे तुमच्या क्लोरीनने लाल झालेत."

बाई हसल्या. अशा हसल्या, की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून गेले. हसताहसता त्यांनी विचारलं, मग आता उरलं काय? डॉक्टर मात्र हसली नाही. आता तुम्ही उरलात, ती म्हणाली. मधले दिवस फुकट गेले आणि गाठ वाढली. काखेत पसरलंय का ते बघायला लागेल. ऑपरेशन, मग किरणं, मग बरेच महिने तपासण्या. बरं होण्याची आशा चांगली आहे, पण शब्द देता येणार नाही.

ती कागद आणायला आत जाताच खोलीत दोघंच राहिली. बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. इतके दिवस पोरांच्या काळजीत त्यांना स्वतःसाठी घाबरायला सवडच मिळाली नव्हती. आता पोरं सुटली, आणि राहिलेली सगळी भीती एकट्या त्यांच्या अंगावर आली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला भीती वाटतेय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य नवऱ्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने खुर्ची जवळ ओढली, तो गाठीचाच हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बरं झालं बोललीस," तो म्हणाला. "भिंगातून ती गाठ पाहिली, त्या दिवसापासून मी एकटाच घाबरत होतो."