रशीदमामांच्या मेंदूचा कोरा नकाशा

"मॅडम, नकाशा कोराच आलाय," मी म्हणाले. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनकडं पाहून कपाळाला हात लावला. मशीनमध्ये कवठे येमाईचे रशीदमामा होते. कांद्याचे लिलाव पुकारण्यात हयात गेलेली. मेंदूत गाठ, तीही बोलण्याच्या जागेला लागून. ती जागा नेमकी कुठं आहे, ते सर्जनना ऑपरेशनआधी कळायला हवं होतं. जरा जास्त कापलं गेलं, तर मामांची वाचाच जाणार.

मी केडगावची, पुण्यात एमआरआय टेक्निशियन आहे. ही तपासणी म्हणजे फंक्शनल एमआरआय. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडं काही सेकंदांत जादा रक्त येतं. दोन पाहुणे आले की आई चौघांचा स्वयंपाक टाकते, तसं गरजेपेक्षा जास्तच. त्या ऑक्सिजनवाल्या रक्तानं सिग्नल किंचित वाढतो. इतका किंचित, की थोडा वेळ काम, थोडा वेळ आराम असं आलटून-पालटून करून दोन्हीतला फरक काढावा लागतो. मला तर अजूनही या रक्ताचं नवल वाटतं. बरोबर त्याच जागी पोचतं!

पडद्यावर अक्षर दिसलं की मामांनी त्या अक्षराचे शब्द मनात आठवायचे, फुली दिसली की गप्प पडायचं. बिचारे जरासुद्धा हलले नव्हते. मॅडम म्हणाल्या, गाठीमुळं तिथं रक्तच नीट वाढत नसेल. होतं असं कधी कधी. म्हणजे नकाशाचा नाद सोडायचा. मला काही पटेना. म्हटलं, आधी मामांना विचारू तरी.

"मामा, फुली दिसल्यावर काय करत होतात?"

"गप पडलो व्हतो की. आवाज न्हाई काढला."

"आणि मनात?"

"मनात लिलाव चालू व्हता. रिकामं पडलं की भ्या वाटतं, म्हून पुकारत ऱ्हातो."

घ्या! आरामातही बोलण्याची जागा राबतच होती, मग फरक दिसणार कुठून? मॅडमनी लगेच सगळं बदललं. कांद्याचं चित्र आलं की मनात लिलाव पुकारायचा. ठिपके आले की लिलाव बंद, ठिपके कुठं सरकतात तेवढंच बघायचं.

"आन् भ्या वाटलं तर?"

मी म्हटलं, मी आत तुमच्या पायावर हात ठेवून उभी राहते. राहिलेही.

या वेळी गाठीच्या कडेला ती जागा लख्ख दिसली. सर्जननी तिकडची थोडी गाठ मुद्दाम ठेवली. ऑपरेशननंतर मामा काही दिवस बोलताना अडखळले. मग परवा शिरूरच्या मार्केटात कांद्याच्या ढिगावर उभं राहून एका दमात पुकारताना दिसले. काय माणूस आहे!

हल्ली मी पेशंटला नुसतं 'गप्प पडा' म्हणत नाही. गप्प पडून काय करायचं, तेही सांगते.