मालगुजाराच्या मोटारीतलं ओंगण

जाम गावच्या चौरस्त्यावर माझं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं नुकतीच गेली होती, पण जवळच्या गावच्या मालगुजाराचा ताठा गेला नव्हता. त्याच्या जुन्या मोटारीची पुढची चाकं घरघरायची. मी म्हटलं, "मालक, बेरिंगं गेली. बदलून घ्या."

तो भर बाजारात ओरडला, "सात पिढ्यांपासून गाड्या आहेत आमच्या घरी! तू काऊन मले चाक शिकवून राह्यला? बैल कुठचा!"

घरी जाऊन त्यानं त्या चाकांत ओंगण भरायला लावलं. एरंडीचं तेल आणि जळक्या चिंध्यांची राख, बैलगाडीच्या आसाला घालतात ते.

आठ दिवसांत त्याच्या गाडीवानानं दोन बैल जुंपून ती मोटार ओढत माझ्या दारात आणली; मालक आतच बसला होता. मी आधी बैलांना पाणी पाजलं. मालकाला पाणी विचारलंसुद्धा नाही.

मग चाकं उतरवली, नवी बेरिंगं ग्रीस भरून बसवली, नट बेतानं कसले. काम जीव लावून केलं, कारण बोट ठेवायला मला त्याला जागाच द्यायची नव्हती. तो बाकावर बसला होता. फुटक्या गोळ्यांची, काळ्या ओंगणानं माखलेली जुनी बेरिंगं मी त्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर, मांडीवर ठेवली.

"मालक, हे तुमच्या सात पिढ्यांचं. घरी घेऊन जा."

समोरच्या चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. मी मात्र त्याच्या गाडीवानाकडे पाहत होतो. जन्मभर त्याच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलेला तो माणूस खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबून हसत होता, आणि मालकानं ते पाहिलं.