सेटिंगला हात नको

‘‘लिहा, वाचा, काय ते करा. सेटिंगला हात नको.’’

असं म्हणून सर रुमालाने माऊस पुसायचे, पॅडवर सरळ रेषेत ठेवायचे आणि मगच खुर्ची सोडायचे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या वाचनालयात सगळ्यांसाठी एकच संगणक होता आणि त्याचे राखणदार हे. स्टेशनजवळचा त्यांचा टायपिंग क्लास बंद पडल्यावर समितीने त्यांना बोलावून घेतलं होतं. असा एक माणूस तुमच्याही वाचनालयात असेल. चावी खिशात ठेवणारा.

संगणकात दोन खाती होती. ‘वाचक’ आपल्या सगळ्यांचं आणि ‘व्यवस्थापक’ एकट्या सरांचं. वाचकाने सेटिंग उघडायला घेतलं की चौकट यायची, पासवर्ड मागायची आणि ‘टुंग’ असा आवाज व्हायचा. सर पेपरातून मान वर न काढता विचारायचे, ‘‘कोण रे तो?’’

एकदा कॉलेजातल्या एकाने गयावया केली. ‘‘सर, वॉलपेपर तरी बदलू द्या ना यार.’’

‘‘भिंत बघायला आलायस काय?’’

सगळे हसले. मला हसू आलं नाही. वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवर मी वाढलेय. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवली आणि पुढची बाजू वाचत शहाणी झाले. वर्गणी सगळ्यांची आणि कुलूप एकाचं, हे मला कुठेही दिसलं की अंगाची आग होते.

त्यात मला मराठी इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय. संगणकावर मात्र टाइपरायटरचा जुना कळफलक. ‘क’ कुठे आणि ‘ख’ कुठे, शोधताना विचारच पळून जायचा. म्हटलं, ‘‘सर, माझा कळफलक टाका ना. दोन मिनिटांचं काम आहे.’’

‘‘काय गो पुढारी, मराठीसाठी लढतेस आणि मराठी लिहितेस एबीसीडीवरनं?’’

ते लागलं. मी त्याच संगणकावर, त्याच कळफलकावर, तीन दिवस खपून पत्रक टाइप केलं. ‘संगणक कुणाचा? सार्वजनिक वस्तूला खाजगी कुलूप का?’ आणि फलकावर लावलं.

दुसऱ्या दिवशी पत्रक गायब. मी भांडायच्या तयारीने आत गेले, तर सर लाल पेन घेऊन बसले होते. ‘‘मुद्दे बरे आहेत. पण ‘खाजगी’ नव्हे गो, ‘खासगी’. आणि ‘सार्वजनिक’चा रफार बघ कुठे गेला.’’ चुका सुधारून त्यांनी स्वतःच ते परत टाचणीने लावलं.

समितीची बैठक झाली. मी तावातावाने बोलले. सर शेवटी म्हणाले, ‘‘वहिनींच्या परीक्षेला तीन आठवडे आहेत. तेवढे जाऊ देत.’’

वाचनालयात सगळे ज्यांना वहिनी म्हणायचे, त्यांना मी पाहिलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून थेट येऊन तासभर टकटक करत बसणाऱ्या. नवरा सरकारी खात्यात होता, तो वारल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलं. अट एकच, ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. दोनदा नापास झालेल्या. ही शेवटची संधी, नाहीतर नोकरी जाणार. परीक्षा त्याच जुन्या कळफलकावर. सरांनी हे सगळं सांगितलं. मला ती सबब वाटली.

‘‘हक्काला तारीख नसते!’’ मी म्हणाले. टाळ्या पडल्या. सरांनी पासवर्ड कागदावर लिहून समितीपुढे ठेवला आणि चष्मा घडी करून घरी गेले.

मग काय, वाट लागली. आधी मी माझा कळफलक टाकला. कुणी तिसराच टाकला. कुणी गेम घेतला. जागा कमी पडते म्हणून कुणी वहिनींचं सरावाचं सॉफ्टवेअर उडवलं, त्याला ते कचरा वाटलं. आठव्या दिवशी संगणक सुरूच होईना. दुरुस्तीवाला संगणकाचा डबा घेऊन गेला आणि म्हणाला, बघू पंधरा दिवसांत.

मी सरांच्या घरी धावले. दार उघडंच होतं. जमिनीवर वहिनी बसलेल्या, पुढ्यात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर सरांनी स्केचपेनने अख्खा कळफलक काढला होता. सर उतारा वाचत होते आणि वहिनींची बोटं पुठ्ठ्यावर पळत होती.

‘‘चुकलं. बोट वरच्या ओळीत गेलं. परत.’’

‘‘सर, पुठ्ठ्यावर कसला स्पीड येणार हो?’’ वहिनी रडकुंडीला आल्या होत्या.

‘‘बोटाला ठाऊक हवं. परत!’’

मी दारातूनच म्हणाले, ‘‘सर, माझं चुकलं.’’

‘‘तुझा मुद्दा नाय चुकला. कुलूप कशाला लावलंय ते मी तरी बैठकीआधी कुठे कोणाला सांगितलं? आता तोंड बंद ठेव आणि घड्याळ बघ.’’

पुढचे बारा दिवस मी घड्याळ बघितलं. कुलपाचा निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावा, असं मला आजही वाटतं. यावर सरांशी मनातल्या मनात अजून भांडते. पण त्या बारा दिवसांत, पुठ्ठ्यावर बोट अडखळलं की मी घड्याळ सोडून त्या बोटाकडे बघायचे. त्या बोटाशी भांडता येत नाही.

परीक्षा घाटकोपरच्या केंद्रावर होती. वहिनी आत गेल्या, आम्ही दोघं फाटकाबाहेर राहिलो. वेळ सुरू झाली तशी सरांनी दोन्ही हात कंपाउंडच्या भिंतीवर ठेवले. त्यांची बोटं चालू लागली. उतारा कोणता, त्यांनाच ठाऊक. येणारे-जाणारे बघत होते. एकाने मला हळूच विचारलं, ‘‘आजोबा बरे आहेत ना?’’ सरांचं लक्ष नव्हतं. ते ओठ घट्ट मिटून भिंतीवर टाइप करत होते.

आत घंटा झाली. बोटं थांबली. तळव्यांना चुना लागला होता, तो न झटकताच ते माझ्याकडे वळले. आजवर त्यांनी मला टोमण्याशिवाय काही विचारलं नव्हतं.

‘‘माझा पुरा झाला. तिचा झाला असेल ना गो?’’

झाला होता. पण निकाल लागला, वहिनी पास झाल्या, तेव्हा ते ऐकायला सर हयात नव्हते.