सरांचं पुस्तक आणि माझी परात

ज्यांचं जर्मन अख्ख्या नाशकात कुणाला कळत नव्हतं, आणि तरी ते सगळ्यांना कळलंच पाहिजे असा ज्यांचा हट्ट होता, असे एकच गृहस्थ मी पाहिले. मी ज्यांच्याकडे स्वयंपाकाला होते, ते सर. ते कॉलेजात जर्मन शिकवायचे. वर्गात मुलं तीन, पण हजेरी ऐंशी मुलं असल्यासारखी खणखणीत. त्यांतला एक जण कांदे विकायला पिंपळगावला गेला, तर सर एस.टी.ने मागोमाग. कांद्याच्या गोणीवर बसून धडा पुरा केला आणि व्यापाऱ्याकडूनही चार वाक्यं म्हणवून घेतली.

रिटायर झाल्यावर त्यांनी जर्मन तत्त्वज्ञांवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. चौथी शिकलेल्या माणसाला कळणार नाही ते पान फाडायचं, असा नियम केला. आणि घरात चौथी शिकलेली मी एकटीच. मी भाकऱ्या थापायची, ते ज्वारीच्या डब्यावर बसून वाचायचे. मग म्हणायचे, "सांगा आता, कमलबाई, तुमच्या शब्दांत." मला चारचौघांत नाव सांगायचीही लाज. मी गप्प राहिले की पान रद्दीत. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "अहो, तिची भाकरी करपतेय." सर म्हणायचे, "करपू दे. माझं पान कच्चं आहे, ते आधी बघू."

एकदा त्यांनी वाचलं, की सगळ्यांनी तसंच केलं तर चालेल का, हे पाहून माणसाने वागावं. मी परातीकडे बघत म्हटलं, "आमच्या नळावरच्यासारखं. मी रांग मोडून हंडा लावला, तसा सगळ्याजणींनी लावला तर रांगच उरणार नाही." सर उठले ते पेन शोधायलाच. तो नळ पुस्तकात आहे.

पुढे त्यांची नजर जाऊ लागली. भिंग धरून वाचायचे. शेवटच्या प्रकरणातलं एक पान चारदा फाडलं. वहिनींनी मला मोरीपाशी गाठलं. "या वेळी हो म्हण गं. डोळे आहेत तोवर होऊ दे पुस्तक."

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पान पाचव्यांदा लिहून आणलं, वाचलं. मी म्हटलं, "समजलं." ते माझ्याकडे बघत राहिले. 'तुमच्या शब्दांत सांगा' असं त्या एकाच दिवशी म्हणाले नाहीत.

छापलेलं पुस्तक सरांनी डोळ्यांनी पाहिलं. आता सर नाहीत. वहिनींनी पुस्तक दिलं, ज्वारीचा डबा मी मागून आणला. भाकऱ्या झाल्या की रोज ते पान वाचते. अजून कळलेलं नाही. पण सोडणार नाही. कळेल त्या दिवशी डब्यासमोर बसून मोठ्याने सांगणार आहे, माझ्या शब्दांत.